देलवाड्याची संगमरवरी मंदिरे : अलंकरण, रचना आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

राजस्थानच्या सिरोही जिल्ह्यातील अबू पर्वतावर, माउंट अबू या गावापासून सुमारे अडीच किलोमीटर अंतरावर, देलवाडा येथे पाच श्वेतांबर जैन मंदिरांचा समूह आहे. त्यांपैकी ‘विमलवसही’ आणि ‘लूणवसही’ ही दोन मंदिरे पश्चिम भारतातील संगमरवरी शिल्पकामाचा कळस मानली जातात. स्थळाचे नाव जुन्या लेखांत ‘देउलवाडा’ असे येते आणि मराठी कानाला त्यातील ‘देऊळ’ सहज ऐकू येते. या मंदिरांवर लिहिणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. मात्र त्या लेखनाचा बहुतांश भाग स्तुतीने व्यापलेला दिसतो. ‘संगमरवरातील स्वप्न’, ‘मेणासारखा वितळलेला पाषाण’, ‘दगडाची लेस’ हे शब्दप्रयोग प्रवासवर्णनांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत फिरत राहिले आहेत.

हे शब्द खोटे आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु स्वप्नाला पाया नसतो, तुळई नसते, कारागीर नसतो आणि त्याची डागडुजीही कोणाला करावी लागत नाही. स्तुतीच्या या भाषेमुळे दोन प्रश्न सातत्याने मागे पडले आहेत. या मंदिरांतील अलंकरण वास्तूमध्ये नेमके कोणते कार्य करते, हा पहिला प्रश्न. हे काम कोणाचे व कोणत्या काळातले, हा दुसरा. वरवर पाहता हे प्रश्न वेगळे वाटतात. प्रत्यक्षात दुसऱ्याचे उत्तर चुकले की पहिल्याचेही चुकते. सदर लेखात मुख्यत्वे विमलवसही व लूणवसही यांच्या आधारे या दोन्हींचा विचार केला आहे.

स्तुतीची घडण

अबूची कीर्ती युरोपीय वाचकांपर्यंत नेण्याचे श्रेय जेम्स टॉड यांच्याकडे जाते. ते जून १८२२ मध्ये अबूवर गेले. त्यांचा पश्चिम भारताच्या प्रवासाचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील अबूची चित्रे श्रीमती हंटर ब्लेअर यांनी काढलेल्या रेखाटनांवरून तयार केलेली होती आणि ग्रंथही त्यांनाच अर्पण केलेला आहे. म्हणजे अबूचे पहिले व्यापक दर्शन शब्दांइतकेच चित्रांतून घडले. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी लूणवसहीच्या घुमटातील लोलकाची तुलना वेस्टमिन्स्टर येथील सातव्या हेन्रीच्या चॅपेलमधील लोलकांशी केली आणि अबूला उजवे ठरविले.

ही तुलना गौरवाची असली तरी तिने पाहण्याची एक सवय लावून दिली. मंदिर म्हणजे त्याचे छत, आणि छत म्हणजे त्याच्या मध्यभागी लोंबणारे कमळ, असे समीकरण रूढ झाले. मंदिरात आज छायाचित्रणास मनाई आहे. त्यामुळे पुस्तकांत जुनीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा छापली जातात, व तीही प्रायः छतांचीच असतात. खाली उभे असलेले खांब, भोवतालची भमती, अंधारा गाभारा आणि बाहेरची साधी भिंत यांचा परस्परसंबंध त्या चौकटीत मावत नाही.

वस्तुतः या मंदिरांचे पहिले वैशिष्ट्य बाहेरच लक्षात येते, आणि ते अलंकरणाच्या अभावाचे आहे. विमलवसहीचे आवार साधारणतः १४० फूट लांब व ९० फूट रुंद आहे. बाहेरून दिसते ती उघडी, अनलंकृत भिंत. मूळ प्रासादावर उंच शिखर नाही, तर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे बुटके फांसना पद्धतीचे छप्पर आहे. याच पहिल्या भीमदेव सोळंकीच्या काळातील मोढेरा येथील सूर्यमंदिर (इ.स. १०२६-२७) वालुकाश्मात बांधलेले असून त्याच्या बाह्यभिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत. तेथे प्रदक्षिणा घालणारा मंदिराला बाहेरून वाचतो. देलवाड्यात हा क्रम उलटा आहे. कोरीवकाम आत वळलेले असून ते भक्ताच्या डोक्यावर चढले आहे. गुजरातच्या मंदिरपरंपरेत झालेला हा बदल विचारात घेतल्याशिवाय ‘अलंकरणाचा अतिरेक’ या नेहमीच्या आक्षेपाला काही अर्थ राहत नाही. अतिरेक कोठे आहे आणि कोठे जाणीवपूर्वक संयम आहे, हे आधी पाहावे लागते.

विमलवसही : एका नावाखाली अनेक हात

विमलवसही ही भीमदेवाचा दंडनायक विमल याने विक्रम संवत १०८८ मध्ये, म्हणजे इ.स. १०३१ मध्ये, आदिनाथासाठी बांधली असे सर्वत्र नोंदविले जाते. विमल प्राग्वाट म्हणजे पोरवाड कुळातील होता. अबूचा परमार राजा धंधुक भीमदेवाशी बिघाड होऊन माळव्याच्या भोजाच्या आश्रयास गेला, तेव्हा अबूच्या प्रदेशावर विमलाची नेमणूक झाली आणि अंबिकेच्या कृपेने त्याने हे मंदिर उभारले, असा वृत्तान्त आहे. प्रबंधांतील एका कथेनुसार तेथील ब्राह्मणांनी जागा देण्यास विरोध केला व विमलाने जमिनीवर सोन्याची नाणी पसरून ती विकत घेतली. कथा शब्दशः घेण्याचे कारण नाही. मात्र शैव क्षेत्र म्हणून ख्यात असलेल्या पर्वतावर, परमारांच्या भूमीत, सोळंकी अधिकाऱ्याने उभारलेले जैन मंदिर ही त्या काळी साधी घटना नव्हती, एवढे तिच्यातून निश्चित कळते.

येथे साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. धंधुक, भोज, विमल आणि संवत १०८८ हे सर्व एकत्र सांगणारा प्रमुख शिलालेख विमलाच्या काळचा नाही. तो संवत १३७८ चा, म्हणजे इ.स. १३२२ च्या सुमाराचा, जीर्णोद्धाराचा लेख आहे. मंदिराच्या जन्माची हकीकत त्याच्या दुरुस्तीच्या वेळी, जवळजवळ तीनशे वर्षांनंतर, दगडावर कोरली गेली. तारीख त्यामुळे खोटी ठरत नाही. परंतु ‘१०३१ मधील मंदिर’ असे म्हणून समोरच्या प्रत्येक खांबावर व छतावर तेच वर्ष चिकटविण्याची जी पद्धत पडली आहे, तिला मात्र आधार राहत नाही.

मधुसूदन ढाकी यांनी १९८० मध्ये या मंदिराच्या गुंतागुंतीवर जे लेखन केले त्याचे महत्त्व येथे आहे. मंदिराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या काळातील असल्याचे त्यांनी शैली व लेख यांच्या आधारे दाखविले. विमलाच्या काळच्या गाभाऱ्याचा व गूढमंडपाचा भाग तुलनेने साधा आहे. ज्या रंगमंडपासाठी विमलवसही जगप्रसिद्ध आहे, तो बाराव्या शतकाच्या मध्यास, कुमारपालाच्या राजवटीत, मंत्री पृथ्वीपाल याने उभारलेला आहे. पृथ्वीपाल हा विमलाचा थोरला भाऊ नेढ याच्या वंशातील. मंदिरासमोरील हस्तिशाळेत त्याने संवत १२०४ मध्ये सात संगमरवरी हत्ती उभे केले व त्यांवर आपल्या पूर्वजांची नावे कोरविली. नीना, लहर, वीर, नेढ, धवल, आनंद आणि शेवटी स्वतः पृथ्वीपाल. आणखी तीन हत्ती संवत १२३७ मध्ये धनपालाने जोडले.

ही हस्तिशाळा पर्यटक सहसा घाईने पाहतात, कारण मुख्य मंदिराकडे जाण्याची ओढ असते. समीक्षेच्या दृष्टीने ती मंदिराची किल्ली आहे. येथे एक कूळ आपल्या कर्तृत्वाची वंशावळ मांडते. लोकस्मृतीने मात्र त्यातून एकच नाव उचलले, विमल. पृथ्वीपालाने आपल्या कुळाची कीर्ती वाढविण्यासाठी जे केले त्याचे श्रेय अखेरीस त्याच्या पूर्वजाच्या भावाला मिळाले, यात इतिहासाचा थोडासा विनोद आहे.

कालक्रमाच्या या दुरुस्तीचा परिणाम सौंदर्यविचारावरही होतो. रंगमंडप १०३१ चा मानला तर मोढेऱ्याच्या अवघ्या पाच वर्षांनंतर संगमरवराची इतकी परिपक्व भाषा अचानक प्रकट झाली असे मानावे लागते, आणि अचानक घडलेल्या गोष्टीपुढे समीक्षकाकडे ‘चमत्कार’ या शब्दाखेरीज काही उरत नाही. तो साधारण ११५० चा मानला की मध्ये शंभराहून अधिक वर्षांचा सराव दिसू लागतो. अबूपासून जवळच, अंबाजीलगतच्या आरासण म्हणजे आजच्या कुंभारिया येथे, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जैन मंदिरे संगमरवरात बांधली जात होती. तेथील खाणींचाच दगड अबूला नेला जाई. खाण, कारागिरांची घराणी, आश्रयदाते व नमुने या सर्वांची साखळी त्या शतकात तयार झाली. रंगमंडप या साखळीतून आलेला आहे.

खांब, तुळई आणि घुमट

रंगमंडपाचा घुमट खऱ्या कमानीच्या तत्त्वावर उभा नाही. खांबांवर तुळया टाकून अष्टकोनी चौकट केलेली आहे. तिच्यावर आडव्या दगडांची कडी एकावर एक रचत, प्रत्येक कडे खालच्यापेक्षा थोडे आत सरकवत, वरचे तोंड बंद केलेले आहे. या पद्धतीत घुमटाचा व्यास फार वाढविता येत नाही. विमलवसहीच्या घुमटाचा व्यास सुमारे २५ फूट असून शिरोबिंदू जमिनीपासून ३० फुटांच्या आतच आहे. म्हणजे भव्यता हे या वास्तूचे उद्दिष्ट नव्हते. छत डोळ्यांच्या टप्प्यात ठेवण्यात आले आणि म्हणूनच त्यावर इतके बारीक काम करणे सार्थ ठरले. शंभर फुटांवरील छतात ही नक्षी वाया गेली असती.

कड्यांची रचना आणि कोरीवकाम यांचा संबंध पाहण्यासारखा आहे. आत सरकलेल्या प्रत्येक कड्याचा खालचा काठ हा एक ओठ असतो. शिल्पींनी या ओठांना गजतालू, म्हणजे हत्तीच्या टाळूसारख्या वळणाचे, आणि कोल, म्हणजे टोकदार पाकळ्यांचे, आकार दिले. त्यांच्या मधल्या पट्ट्यांत नर्तक, वादक, घोडेस्वार, हत्ती यांच्या रांगा बसविल्या. बाराव्या शतकातील ‘अपराजितपृच्छा’ या गुजराती परंपरेच्या शिल्पग्रंथात छतांच्या प्रकारांचा अत्यंत विस्तृत विचार आहे, त्यावरून छत हा त्या काळी स्वतंत्र विद्येचा विषय होता हे कळते. रचनेची प्रत्येक पायरी कोरीवकामाने अधोरेखित केलेली आहे. घुमट कसा उभा राहिला ते नक्षी वाचूनच समजते. अलंकरण आणि बांधणी यांचे हे सख्य हीच विमलवसहीच्या रंगमंडपाची खरी कमाई होय.

सर्वत्र मात्र तसे नाही. घुमटाच्या कड्यांवर उभ्या बसविलेल्या सोळा विद्यादेवींच्या मूर्ती फासळ्यांप्रमाणे घुमट तोलून धरीत आहेत असे वाटते. वास्तविक त्या नंतर बसविलेल्या असून ओझे पेलल्याचा केवळ आभास निर्माण करतात. खांबांच्या मधून लाटांसारख्या वळणाने वर जाऊन तुळईच्या मध्याला टेकणाऱ्या तोरणांचेही तसेच. लाकडी बांधकामात लांब तुळईला मध्ये टेकू देण्यासाठी खांबातून तिरपे धिरे देत. त्या धिऱ्यांचा हा संगमरवरी वारस आहे. येथे त्याने भार वाहण्याचे काम सोडून दिले असून तो शोभेसाठी उरला आहे. हा दोष मानावा काय? विमलवसहीत तसे म्हणवत नाही, कारण तोरणामुळे उभे खांब आणि गोल घुमट यांच्यामधील दृष्टीचा प्रवास सोपा होतो. डोळा खांबावरून सरळ वर जातो, तोरणावर वळतो आणि घुमटात शिरतो.

प्रकाशाचाही येथे विचार झालेला आहे. घुमटाला झरोके नाहीत. प्रकाश उघड्या बाजूंनी, आवारातील फरसबंदीवरून परतून, खालून वर चढतो. त्यामुळे नेहमीच्या सावल्या उलट्या पडतात व आकृती तरंगल्यासारख्या भासतात. ‘स्वप्नवत’ या विशेषणाचे हे एक साधे, भौतिक कारण आहे.

दगडाचा स्वभाव

संगमरवर हा मूलतः रूपांतरित चुनखडक आहे. त्यातील कॅल्साइट या खनिजाची कठिणता मोहच्या मापनश्रेणीवर केवळ ३ आहे. तो पातळ केला की कडेने प्रकाश पाझरू देतो. कण बारीक असल्याने त्याला घासून, खरवडून आकार देता येतो, आणि छिन्नीच्या ठोक्याने जेथे कडा तुटली असती तेथे घर्षणाने ती कागदासारखी पातळ करता येते. कारागिरांनी खरवडून काढलेल्या भुकटीच्या वजनाइतकी चांदी वा सोने त्यांना मजुरी म्हणून मिळे, ही कथा अबूवरील प्रत्येक वाटाड्या सांगतो. हिशेब म्हणून ती अविश्वसनीय आहे. परंतु कामाची पद्धत म्हणून ती अचूक आहे. येथे दगड फोडून नव्हे, भुकटी करून काढला गेला, ही आठवण लोकांनी कथेच्या रूपात जपलेली दिसते.

महाराष्ट्रातील वाचकाला या मुद्द्याचे मर्म आपल्या परिसरातील एका उदाहरणाने अधिक कळेल. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकालीन आणि बेसाल्टमधील आहे. तेथील शिल्पीलाही नाजूक काम ज्ञात होते, परंतु काळा, कठीण दगड कडेच्या तलमपणाला मर्यादा घालतो. म्हणून तेथे सौंदर्य शिखराच्या वळणांतून, भित्तिकोनांच्या पडछायेतून, एकंदर वस्तुमानातून उभे राहते. संगमरवराने अबूच्या शिल्पीला ही मर्यादा घातली नाही. मर्यादा त्याला स्वतःच घालून घ्यावी लागली. विमलवसहीत ती घालून घेतलेली दिसते. लूणवसहीत ती सैल झाली.

लूणवसही : कौशल्याची परिसीमा आणि तिची किंमत

लूणवसही संवत १२८७ मध्ये, इ.स. १२३० च्या सुमारास, नेमिनाथासाठी बांधली गेली. धोळक्याचा वाघेला राणा वीरधवल याचे मंत्री वस्तुपाल व तेजपाल हे बंधू इतिहासात प्रसिद्ध आहेत. मंदिर तेजपालाने उभारले. दिवंगत थोरला भाऊ लूणिग याचे नाव त्याच्याशी जोडले गेले असून पत्नी अनुपमादेवी व पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्याचाही उल्लेख आहे. प्रतिष्ठा नागेंद्र गच्छाच्या विजयसेनसूरींच्या हस्ते झाली. येथील मोठी प्रशस्ती सोमेश्वर या कवीची आहे.

याच सोमेश्वराच्या ‘कीर्तिकौमुदी’ या काव्यात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या स्वारीने गुजरातेत उडालेल्या हाहाकाराचे वर्णन येते, आणि ‘लेखपद्धति’ या संग्रहात सिंघण व वीरधवलाचा पिता लवणप्रसाद यांच्यातील संवत १२८८ च्या तहाचा नमुना दिलेला आहे. म्हणजे अबूवर संगमरवराची पाने कोरली जात होती, त्याच सुमारास दख्खनचे सैन्य गुजरातच्या दाराशी होते. लूणवसही निवांत समृद्धीतून निर्माण झाली हा समज यामुळे तपासून घ्यावा लागतो. राज्य डळमळीत, मंत्री मात्र श्रीमंत, अशा काळातील हे मंदिर आहे. डळमळत्या काळात आपल्या कुळाचे नाव टिकाऊ दगडात ठेवण्याची निकड अधिक असणार.

रचनेत लूणवसही विमलवसहीचेच अनुकरण करते. तोच आवाराचा आराखडा, तीच भमती, तशीच नवचौकी व रंगमंडप. त्यामुळे नवीन काही करण्याची जागा एकच उरली, ती म्हणजे कारागिरी. रंगमंडपाच्या घुमटातील लोलक हे तिचे टोक आहे. कमळांच्या पाकळ्यांचे थर एकामागून एक खाली उतरतात आणि दगड लोंबतो आहे हेच विसरायला होते. फर्ग्युसन भारावले ते यामुळेच. तथापि येथे एक हानीही झालेली आहे. विमलवसहीत कड्यांच्या पायऱ्या वाचता येत होत्या. येथे लोलक इतका स्वयंपूर्ण झाला आहे की घुमट त्याची पार्श्वभूमी बनतो. आकृतींच्या रांगा अधिक नेटक्या झाल्या आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यांतील भेद कमी झाला आहे. हात सराईत झाला की तो पाहणे सोडून देतो, याची खूण काही पट्ट्यांत स्पष्ट दिसते.

हे विधान सरसकट लावता येणार नाही, कारण याच मंदिराच्या भमतीत नेमिनाथाच्या विवाहप्रसंगाचे सपाट छत आहे. आडव्या पट्ट्यांत कथा मांडलेली आहे. वरातीचे हत्ती, घोडे, वाद्ये. वाटेत मेजवानीसाठी कोंडलेली जनावरे. राजीमती वाट पाहत असलेला मंडप. आणि जनावरांचा आक्रोश ऐकून परत फिरलेल्या नेमिनाथाची दीक्षा. येथे शिल्पीने उठाव उथळ ठेवला, लोलकाचा मोह टाळला आणि माणसे, जनावरे व मोकळी जागा यांवर भर दिला. कोंडलेल्या जनावरांची दाटी आणि वरातीची दाटी एकाच मापाने कोरलेली असल्यामुळे पाहणाऱ्याला दोन्हींची तुलना करावीच लागते. लूणवसहीचे सर्वोत्तम काम कोणते असा प्रश्न विचारला, तर लोलकापेक्षा या छताचे नाव घेणे अधिक योग्य ठरेल.

या छतामुळे एक जुना आक्षेपही वेगळ्या रीतीने समोर येतो. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या मंदिरात एवढे वैभव कशासाठी? जैन परंपरेचे उत्तर असे की मंदिर हे समवसरणाचे, म्हणजे तीर्थंकरांच्या उपदेशासाठी देवांनी रचलेल्या दिव्य सभास्थानाचे प्रतिरूप आहे. वैभव देवांचे, तीर्थंकर त्याविषयी उदासीन. वास्तूत हे उत्तर खरोखर बांधलेले दिसते. रंगमंडपाकडून नवचौकी, गूढमंडप, गाभारा असे आत जावे तसतसे कोरीवकाम ओसरते, प्रकाश मंदावतो, आणि शेवटी पद्मासनस्थ, निश्चल मूर्ती उरते. परंतु हे उत्तर पूर्ण मानण्याचे कारण नाही. हस्तिशाळेतील कुटुंबीयांच्या प्रतिमा आणि प्रशस्तीतील वंशवर्णन पाहता, दात्यांना वैराग्याबरोबर नावही हवे होते. दोन्ही प्रेरणा एकाच दगडात आहेत आणि त्यांच्यातील ताण मंदिराने मिटविलेला नाही.

दंतकथा आणि कारागीर

लूणवसहीच्या नवचौकीत गूढमंडपाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना अत्यंत समृद्ध कोरीवकामाचे दोन गोखले आहेत. त्यांना ‘देराणी-जेठाणीचे गोखले’, म्हणजे धाकट्या व थोरल्या जावेचे कोनाडे, म्हणतात. दोन जावांनी ईर्ष्येने आपापला गोखला अधिक सुंदर करविला अशी कथा सांगितली जाते. त्यांवरील संवत १२९७ चे लेख वेगळेच सांगतात. दोन्ही गोखले तेजपालाने आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या श्रेयासाठी करविले. जावांच्या चुरशीची कथा वाटाड्यांना सोयीची आहे, पण तिच्यामुळे सुहडादेवीचे नाव तेवढे पुसले गेले. तिच्याविषयी बोलणाऱ्या दगडासमोर उभे राहूनच लोक दुसऱ्याच बायकांची गोष्ट ऐकतात.

समूहातील पार्श्वनाथाच्या तीन मजली मंदिराबाबत, म्हणजे खरतरवसहीबाबत, अशीच दुसरी कथा आहे. ते कारागिरांनी फावल्या वेळात, उरलेल्या दगडांतून बांधले असे म्हणतात. प्रत्यक्षात ते पंधराव्या शतकातील असून संघवी मंडलिकाने बांधविलेले आहे. विमलवसही-लूणवसहीच्या कारागिरांशी त्याचा संबंध असणे शक्य नाही. तथापि ही कथा केवळ ‘चूक’ म्हणून टाकून देता येत नाही. दात्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे कोरलेल्या आवारात ज्यांनी दगड कोरला त्यांच्या नावाने एकही वास्तू नाही, ही उणीव लोकांना जाणवली आणि त्यांनी ती कथेने भरून काढली.

लूणवसहीचा सूत्रधार शोभनदेव होता, एवढे जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथावरून कळते. प्रबंधसाहित्यात अनुपमादेवीचा एक प्रसंग येतो. काम रेंगाळत होते, कारण पर्वतावरील थंडीत कारागिरांचे हात चालत नव्हते. तिने त्यांच्यासाठी शेगड्यांची व गरम जेवणाची सोय करविली आणि पाळ्या लावून काम पुढे नेले. घडलेच असेल असे नाही. परंतु अबूविषयीच्या साऱ्या वाङ्मयात कारागिराला थंडी वाजते असा हा विरळा उल्लेख आहे, आणि लोलकाच्या पाकळ्या पाहताना तो आठवणे अप्रस्तुत नाही.

रानकपूरचा ताळा

देलवाड्याची मर्यादा कळण्यासाठी अरवलीतीलच रानकपूरचे चौमुख मंदिर पाहावे. राणा कुंभाच्या काळात धरणाशाहने उभारलेल्या या मंदिराचा लेख संवत १४९६ चा, म्हणजे इ.स. १४३९ चा असून त्यात शिल्पी देपाकाचे नाव आलेले आहे. खांबांची परंपरागत संख्या १४४४ सांगितली जाते. येथे कोरीवकाम देलवाड्याइतके तलम नाही. पण गाभारा चारही दिशांना उघडा आहे, मंडप मजल्यांनी वर चढतात, मधल्या चौकांतून ऊन खाली उतरते आणि पावलागणिक खांबांची रांग नवी होते. देलवाड्यात पाहणारा एका जागी थांबून वर बघतो, तर रानकपुरात तो चालत राहतो. लूणवसहीनंतर नक्षीच्या दिशेने पुढे जाण्यास वाव नव्हता. पश्चिम भारताच्या जैन वास्तूने अवकाशाच्या दिशेने वाट काढली, असे दोनशे वर्षांच्या या अंतराचे वाचन करता येते.

राखण आणि जीर्णोद्धार

चौदाव्या शतकाच्या आरंभी मुस्लिम सैन्याच्या आक्रमणात दोन्ही मंदिरांची मोडतोड झाली. संवत १३७८ मध्ये विमलवसहीचा जीर्णोद्धार लल्ल व वीजड यांनी, तर लूणवसहीचा पेथडाने केला. या दुरुस्तीतील काम मूळ कामापेक्षा रोड आहे हे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही, आणि कलासमीक्षेत त्याची दखल बहुधा ‘ऱ्हास’ या एका शब्दात घेतली जाते. परंतु ज्या लेखाच्या आधारे विमलाचे १०३१ हे वर्ष सांगितले जाते तो याच दुरुस्तीवाल्यांचा आहे. त्यांच्या छिन्नीला नावे ठेवताना त्यांच्या लेखावर मात्र संपूर्ण भिस्त ठेवावी, ही समीक्षेची विसंगती आहे.

राखणीची व्यवस्था तर मंदिराबरोबरच सुरू झाली होती. लूणवसहीतील संवत १२८७ चा दुसरा लेख सोमेश्वराच्या प्रशस्तीपुढे फिका वाटतो. त्यात उपमा नाहीत, नियम आहेत. मंदिराची देखरेख करणाऱ्या गोष्ठिकांची नावे आहेत. प्रतिष्ठेच्या वर्षदिनानिमित्त दरवर्षी होणाऱ्या आठ दिवसांच्या उत्सवात कोणत्या दिवसाची जबाबदारी कोणत्या गावच्या श्रावकांनी घ्यायची याची वाटणी आहे. अबूचा परमार राजा सोमसिंह याने पूजेअर्चेसाठी डबाणी हे गाव दिल्याचीही नोंद आहे. मंत्र्यांचे घराणे पुढे राजकारणातून नाहीसे झाले, वाघेल्यांचे राज्यही गेले. आजूबाजूच्या गावांतील श्रावकांना वाटून दिलेली जबाबदारी मात्र एखाद्या राजवटीवर अवलंबून नव्हती. मोडतोडीनंतर काही वर्षांतच दोन्ही मंदिरे पुन्हा उभी राहिली, त्यामागे या प्रकारच्या संघटनेचा हात असला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या मध्यास कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने मोठा जीर्णोद्धार झाला. अबूचा तालुका १९५० ते १९५६ या काळात मुंबई राज्यात होता. सोमपुरा परंपरेतील अमृतलाल मूळशंकर त्रिवेदी यांच्या मार्गदर्शनाखाली तुटलेले भाग नव्याने कोरून बसविण्यात आले. पुरातत्त्वाच्या आजच्या दृष्टीने असे ‘हुबेहूब’ भाग बसविणे वादग्रस्त आहे, कारण काही दशकांनी जुने व नवे वेगळे ओळखणे कठीण होते आणि कालनिर्णय करणाऱ्याची वाट चुकते. जैन संघाच्या दृष्टीने मात्र भग्न मूर्ती, भग्न तोरण पूजास्थानात ठेवणे हीच विसंगती. जीर्णोद्धाराचे पुण्य नवीन मंदिर बांधण्यापेक्षा मोठे मानले गेले आहे, ते याच भूमिकेतून. सकाळी पूजा करणारा आणि दुपारी बारानंतर आत येणारा पर्यटक हे दोघे एकाच वास्तूकडे दोन वेगळ्या अपेक्षांनी पाहतात. यांपैकी एकाचीच अपेक्षा प्रमाण मानून दुरुस्तीचे मूल्यमापन करणे न्याय्य होणार नाही. नव्या दगडाचा पांढरेपणा अद्याप जुन्याच्या पिवळसर झाकेत पूर्णपणे मिसळलेला नाही. तो मिसळण्यापूर्वी कोणता तुकडा कोणत्या काळचा याची छतागणिक नोंद करणे अभ्यासकांना शक्य आहे.